इत्तोनं 'हो' म्हटलं तो दिवस

इत्तो ना कुत्र्यांना भ्याली, ना सासूला. ती भ्यायची फक्त दृष्ट लागण्याला, आणि त्यासाठी मी तिला हसणार नाही. हसायचं त्यांनी, ज्यांचं कधी काही गेलं नाही.

तिचा नवरा हद्दू गवंडी होता. एकदा मेकनेस शहरात मोठं काम लागलं, तर हा चहाच्या दुकानात चारचौघांत बोलून आला, "आता आपले दिवस आले!" दुसऱ्याच दिवशी परांचीवरून पडला आणि गेला. तेव्हापासून आमच्या मिदेल्त गावात कुणीही खुशाली विचारली की इत्तोचं उत्तर ठरलेलं, "अल्लाची कृपा, चाललंय कसंबसं." तिचा एकुलता एक मुलगा मोहाही आता मेकनेसलाच परांचीवर चढतो. म्हणजे भीती काही संपली नाही, बापाकडून लेकाकडे आली एवढंच.

बाजारामागच्या सरकारी केंद्रात आम्ही बायका शिकलो. सकाळी शिवण, संध्याकाळी अक्षरं. शिकवायच्या लल्ला ज़ोहोर. इत्तो आली तेव्हा अंगठा उठवायची. लल्लांनी तिचा हात हातात धरून पहिलं अक्षर काढून घेतलं, तेव्हा ती पोरीसारखी रडली होती. आज तिच्या पुढच्या खोलीत तीन मशिनं आहेत. जिलाबे, म्हणजे टोपी जोडलेले लांब झगे, शिवते, मापं स्वतः लिहून घेते. रेशमी गुंड्या करायला मला ठेवलंय. हे साऱ्या गावाला माहीत आहे. बोलत मात्र कुणी नाही.

सफरचंदं उतरायच्या दिवसांत राजधानीहून नुहैला नावाची मुलगी आली. शिकून गेलेल्या किती जणींना काम लागलं, हे तिला तपासायचं होतं. मुलगी गोड, पण अक्कल शहरातली. आम्हा सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं आणि एकेकीला उठवून विचारायला लागली, "काम करता का? महिन्याला किती सुटतात?" सगळ्यांच्या देखत! अहो, असं सख्ख्या बहिणीलाही विचारत नाहीत, दृष्ट लागते.

तूदाचं भाकऱ्यांचं दुकान आहे. ती म्हणाली, "मी? मी तर घरीच बसते, बाई." कोपरापर्यंत पीठ होतं. पुढची म्हणाली घरीच, तिच्या पुढचीही घरीच. माझी पाळी आली. मीही नाही म्हटलं. ओढणीला रेशमाचे धागे चिकटले होते, ते झटकत बसले.

नुहैलाचा चेहरा उतरला. "मग मला लिहावं लागेल, की इथं शिकून एकीलाही काम लागलं नाही. असं झालं तर पुढच्या वर्षी हे वर्ग बंद होतील."

लल्ला ज़ोहोर खिडकीशी उभ्या होत्या. शिक्षिकेनं मध्ये बोलायचं नाही, असं त्यांना आधीच बजावलेलं. त्या नुसत्या स्वतःची बोटं चोळत होत्या.

आता इत्तोची पाळी. तिचा हात माझ्या हातात होता.

"म्हण ना घरीच असते म्हणून," मी कुजबुजले.

"फाज़मा, मोहा आत्ता वर चढलेला असेल गं," ती म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. मग तिची नजर लल्लांच्या त्या बोटांवर गेली आणि ती उठली.

"हो," ती म्हणाली. आवाज फाटला. पुन्हा म्हणाली, "हो, मी काम करते. तीन मशिनं आहेत. तीन हजार दिरहम सुटतात, ईदच्या आधी जास्त. आणि ही फाज़मा माझ्याकडेच कामाला आहे. थापा मारतेय!"

नुहैला घाईनं लिहायला लागली, तशी इत्तो ओरडली, "थांब गं पोरी! आधी 'तबारकल्ला' म्हण, दृष्ट नको लागायला! मग लिही!"

ती दचकली. "तबारकल्ला, खाला, तबारकल्ला."

तेव्हा तूदा पिठाचे हात झटकत उठली. "माझंही लिही. पण आधी तेच म्हण." मग तिसरी उठली, चौथी उठली. शेवटी मीही उठले. नुहैला प्रत्येकीला तबारकल्ला म्हणत होती आणि लिहीत होती. लल्ला खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

बाकीच्या हसत घरी गेल्या. इत्तो धावत गेली, मी तिच्या मागोमाग. दृष्ट काढायला निखाऱ्यावर हरमलचं बी आणि तुरटी टाकून तिन्ही मशिनांवरून धूर ओवाळला आणि मोहाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

"मीच खाल्लं गं माझ्या पोराला," ती म्हणाली. "बाप बोलला तो गेला, आता आई बोलली."

धुरानं खोली भरली तरी दार उघडायची माझीही हिंमत होईना. कुणी निरोप घेऊन येईल असं वाटायचं. चहा तसाच गार झाला.

सूर्य मावळला, मगरीबची बांग झाली आणि फोन वाजला. तिला तो धरवेना. मीच कानाला लावून दिला.

"आई, फोनची बॅटरी गेली होती," मोहाचा आवाज मलाही ऐकू आला. "अगं ऐक तर! मला आज मुकादम केलं—"

"गप!" इत्तो किंचाळली. गालांवरून पाणी वाहत होतं. "गप बस, मेल्या! आजच्या दिवसात या घरातून चांगलं जेवढं बोलायचं होतं, तेवढं मी बोलून आलेय. तुझं उद्या सांग. आणि जिन्याचा कठडा धरून खाली उतर."