शाई-ढेकूळ ससेघर

माझी मावशी चष्मे बनवते. डोळे तपासणं डॉक्टरांचं काम. त्यांनी लिहून दिलेल्या नंबराची काच आणायची, ती चाकावर घासून फ्रेमच्या मापाची करायची आणि अशी बसवायची, की नाकावर चष्मा आहे याचाही माणसाला विसर पडावा. एवढंच ती एकोणचाळीस वर्षं करते आहे. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत संसार आणि मागे एक लांबट खोली, तिचं दार अंगणात उघडतं. संसार म्हणजे ती आणि तिचा थोरला भाऊ, माझा मामा. दोघांनीही लग्न केलं नाही. का, असं विचारलं की मामा म्हणतो, "हिने माझ्यासाठी केलं नाही आणि मी आळसापायी." त्यावर मावशी म्हणते, "उलटं सांगतोय तो."

मामा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. निवृत्त झाला आणि दुकानातल्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना नको ते सल्ले देऊ लागला.

या घरात ससे आणले ते मी. दोन होते. एक मादी, दौत लवंडल्यासारखी काळीभोर, ती शाई. दुसरा तपकिरी, अंग आक्रसून बसला की शेतातलं ढेकूळच वाटायचा, तो ढेकूळ. मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली तेव्हा मी दोघांना टोपलीत घालून मावशीकडे आले.

"पंधरा दिवस फक्त. खोली मिळाली की नेतेच."

खोली मिळाली, पण घरमालकाला प्राणी चालत नव्हते. मी चाचरत फोन केला. मावशी म्हणाली, "असू देत गं. त्यांचा काय त्रास? बोलत तर नाहीत."

मागून मामा ओरडला, "पण खातात!"

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. पूर्वी त्या वेळात मावशी कपाटं आवरायची, उसवलेलं शिवायची. ससे आल्यावर ती मागच्या खोलीत चटई टाकून आडवी होऊ लागली. तिथल्या उंच खिडकीतून ऊन आत येतं आणि फरशीवरून इंचाइंचाने सरकत भिंतीपाशी पोचतं. ससे त्या उन्हाबरोबर सरकायचे. वाटेत मावशी लागायची. आधी पायाशी काहीतरी मऊ हलायचं, मग कमरेशी, मग एखादं गार नाक तळहाताला लागायचं. ससा उघड्या डोळ्यांनी झोपतो. मावशीही तशीच पडून राहायची, आणि आपण झोपलोय की जागे आहोत हे तिचं तिलाही सांगता यायचं नाही.

"खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटते गं," तिने मला एकदा फोनवर सांगितलं. "रस्त्यावरचे हॉर्न कुठूनतरी वरून येतात. आपण तिघं तळाशी."

ससा सुखात असला की दात हलकेच एकमेकांवर घासतो. कान अगदी जवळ नेला तरच ऐकू येतं. मावशीचं म्हणणं, काचेच्या कडेवर शेवटचा हात फिरवताना तिचं चाक जसं कुजबुजतं, थेट तसाच तो आवाज. चार वाजता ती उठून दुकानात बसली की तिच्या साडीला गवताचा वास यायचा. त्या वर्षांत तिचं घाईत बोलणं बंद झालं, असं मामा सांगतो.

पाचव्या वर्षी एका सकाळी ढेकूळ गवताकडे आला नाही. कोपऱ्यात पाठ वाकवून बसून राहिला. मावशीला वाटलं, आपलं नाही का पोट बिघडलं की आपण एक वेळ जेवत नाही, तसं असेल. मामा म्हणाला, "लंघन करतोय. मीही करायला हवं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं पोट हाताला दगडासारखं लागलं. त्याच टोपलीत घालून मावशी त्याला दोन गल्ल्या पलीकडच्या जनावरांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली.

डॉक्टरीण वयाने लहान, दवाखाना नवा. बाकावर सगळी कुत्र्यांची रांग. तिने ढेकळाच्या पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"कधीपासून खाल्लं नाही यानं?"

"कालपासून."

"मावशी, ससा बारा तास उपाशी राहिला तरी धोका असतो. त्याचं पोट चालायचंच थांबतं." ती इंजेक्शन भरू लागली. "खरं सांगते, सशांचं मी पुस्तकात वाचलंय तेवढंच. येतं ते सगळं करते."

तिने सगळं केलं. इंजेक्शन दिलं, गरम पाण्याची पिशवी दिली. दुपार व्हायच्या आत ढेकूळ त्या बाकावर, मावशीच्या मांडीवर गेला.

निघताना डॉक्टरीण म्हणाली, "त्याला घरी न्या आणि जोडीदारणीला दाखवा. तिला कळलं नाही तर ती शोधत राहील."

मावशीने त्याला चटईवर ठेवलं. शाईने त्याला हुंगलं. रोजच्यासारखे जिभेने त्याचे कान साफ केले. मग आपलं डोकं त्याच्या हनुवटीखाली सारलं. आता तू माझं कर, असं सांगायची त्यांची ती रीत. ती बराच वेळ तशी थांबली. मग त्याच्या कुशीला अंग टाकून पडली आणि तिच्या शेजारी मावशी. चार वाजता दुकान मामाने उघडलं. येईल त्याला त्याने "आज चष्मा मिळणार नाही" एवढंच सांगितलं. सल्ला कुणालाच दिला नाही.

मावशीने मला फोन केला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. "नंतर करते" म्हणाले आणि केला दोन दिवसांनी. तिने मला सगळं शांतपणे सांगितलं. शेवटी म्हणाली, "माझ्या हातात एक दिवस होता गं. मी तो घालवला."

शाई खायची, पण भिंतीकडे तोंड करून. उन्हाबरोबर सरकणंही तिने सोडलं. आठवड्याने डॉक्टरीण जेवणाच्या सुट्टीत स्वतः घरी आली. काखेत कागदांचा गठ्ठा. "मी शिकतेय, तुम्हीही शिका," म्हणाली. दोघी फरशीवर बसून वाचू लागल्या. सशाचे दात जन्मभर वाढतात, म्हणून गवत हवंच. कान धरून उचलायचं नाही. एकट्याला ठेवायचं नाही. या ओळीवर डॉक्टरणीने बोट ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलेल्या शाईकडे पाहिलं.

त्याच महिन्यात दुकानात एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस चष्म्याची मोडकी काडी बदलायला आला. मावशीने त्याच्या बाहीकडे पाहिलं.

"तुमच्याकडे ससे आहेत?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"गवताची काडी आहे बाहीला. आणि पांढरे केस."

तो एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होता. अठरा वर्षं तिथली जनावरं सांभाळत होता. आता तो विभागच बंद होणार होता. उरल्या होत्या सहा माद्या. "पुढच्या महिन्यात खोली रिकामी करायची आहे," तो म्हणाला.

"रिकामी म्हणजे?"

त्याने चष्मा काढला, उगाचच पुसला. "म्हणजे रिकामी."

दुसऱ्या दिवशी मावशी त्याच्याबरोबर गेली. एका ओळीत सहा लोखंडी पिंजरे, प्रत्येकात एकेक पांढरी मादी, कानाच्या आत गोंदलेला आकडा. पायाखाली जाळी. परिचराने दारातूनच हलकी शीळ घातली आणि एकच डोकं वळलं. दुसरी घातली, दुसरं वळलं.

"नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे," तो जरा ओशाळून म्हणाला. "म्हणून मी शीळ ठेवली. प्रत्येकीची वेगळी."

ऑफिसातल्या बाई मात्र म्हणाल्या, "जनावरं व्यक्तीला देता येत नाहीत. नोंदणी झालेली संस्था लागते." त्यांनी एक फॉर्म दिला. त्यावर पहिलीच रिकामी जागा होती : संस्थेचं नाव.

मावशी फॉर्म घेऊन घरी आली. मामाने वाचला. "सहा? अगं, सहा? मी वेडा होईन. हे घर आहे की जंगल?" मावशी वाद न घालता चाकापाशी जाऊन बसली. संध्याकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा मामाने आपली नकाशांची पेनं बाहेर काढलेली होती. सुरेख, एकसारख्या अक्षरांत फॉर्म भरून झाला होता. संस्थेचं नाव : शाई-ढेकूळ ससेघर. अध्यक्ष मावशी. सचिव स्वतः. वैद्यकीय सल्लागार डॉक्टरीण, तिला न विचारताच. सदस्य म्हणून शाईचं नाव.

तीस वर्षं सरकारी टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस आता या बाजूला उभा राहिला, आणि काय सांगू, त्याला चेवच आला. कुठल्या कागदाला कुठला शिक्का, कुठला साहेब जेवून आल्यावर सही करतो, सगळं त्याला पाठ. एका कारकुनाने विचारलं, "या सदस्य शाई सभेला येतात का?"

"येतात," मामा म्हणाला. "फारशा बोलत नाहीत."

कारकून म्हणाला, सदस्य माणूसच लागतो. मग मामाने शाईच्या जागी त्या परिचराचं नाव घातलं आणि तीन आठवड्यांत नोंदणी झाली. तोवर त्याने अंगणातली अर्धी फरशी उखडून तिथे माती भरली होती. त्याआधी जागेचा मोजमापासह नकाशा काढला होता, हे सांगायला नकोच.

सहाजणी आल्या त्या सकाळी परिचरही आला. मावशीने एकेकीला उचलून मातीवर ठेवलं. जन्मात त्यांनी जमीन पाहिली नव्हती. जिथे ठेवलं तिथेच त्या राहिल्या, सहा पांढऱ्या दगडांसारख्या. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. कुणी हलेना. हवेत ओल्या मातीचा वास होता आणि ऊन हळूहळू त्यांच्यावर येत होतं. अर्ध्या तासाने चार नंबरने पुढचा पाय उचलला आणि त्याला लागलेल्या मातीकडे पाहिलं. हुंगलं. आणि अचानक ती उडाली. हवेत अंगाला पीळ देऊन उलट्या दिशेला तोंड करून उतरली, आणि हे आपणच केलं यावर विश्वास नसल्यासारखी क्षणभर थबकली. मग परत उडाली.

परिचर पायरीवर बसला. त्याने शीळ घालायला ओठ जुळवले, पण त्याच्याच्याने घातली गेली नाही.

शाई हे सगळं मागच्या खोलीच्या दाराला लावलेल्या जाळीच्या आतून बघत होती. नव्या सशांना एकदम एकत्र सोडायचं नसतं, चावाचावी होते. म्हणून मावशी रोज दुपारी मध्ये बसायची, एका बाजूला शाई, दुसऱ्या बाजूला एकेक पाहुणी. असे चार आठवडे गेले. मग सहातली सर्वांत म्हातारी, मागच्या पायाने अधू, लंगडत शाईजवळ आली आणि तिने डोकं जमिनीला टेकवलं. शाईने बराच वेळ विचार केला. मग तिचं कपाळ चाटलं.

मावशीचा मला फोन आला तेव्हा मी पुन्हा मीटिंगमध्येच होते. या वेळी उठून बाहेर गेले.

"काही विशेष नाही गं. एवढंच सांगायचं होतं."

"परत सांग," मी म्हटलं. तिने परत सांगितलं.

याला आता नऊ वर्षं झाली. चष्मा घ्यायला आलेले लोक दुकानात बातमी ऐकत गेले आणि सांगत गेले. मग बुटांच्या खोक्यातून, बादलीतून, बाजाराच्या पिशवीतून जनावरं येऊ लागली. कंटाळा आलेल्या मुलांचे ससे, हॉटेलच्या हिरवळीवर शोभेला ठेवलेले ससे, पिशवीचा आवाज ऐकला की शिट्टी मारणारे गिनीपिग. दोनशेच्या वर नव्या घरी गेले. एका वेळी चौदाच्या वर मात्र ठेवत नाहीत, कारण मामाच्या नकाशात चौदाच चौकोन आहेत. डॉक्टरीण दर बुधवारी फक्त ससेच तपासते आणि लांबून लोक येतात. परिचर निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी गवत घेऊन येतो. आता त्याला नावं ठेवायची मुभा आहे, तरी तो शीळच घालतो.

ससा न्यायला आलेल्या माणसाला मावशी एकच प्रश्न विचारते : "दिवसातून किती वेळ जमिनीवर बसता?" खुर्चीतून उठायला तयार नसलेल्यांना ती चहा पाजून परत पाठवते.

शाई अकरा वर्षांची होऊन गेली. म्हातारपणाने, उन्हात, उघड्या डोळ्यांनी. शेजारी पडलेल्या मावशीला ते कळायला तासभर लागला. "बरं झालं," ती म्हणाली. "तेवढा एक तास आम्हाला जास्त मिळाला."

गेल्या महिन्यात मी चार दिवस तिथे होते. कुणीतरी भिंतीखालून बीळ खणून शेजारच्या बागेत उतरल्याचं सकाळी लक्षात आलं. शेजारच्या काकू कडक. पाण्याच्या पाइपावरून मामाशी वाजलं तेव्हापासून वीस वर्षं त्या या घराची पायरी चढल्या नव्हत्या. चार वाजता दुकान उघडलं आणि त्या समोर उभ्या. पदरात एक राखाडी ससा.

"हा तुमचा ना?"

"आमचाच. झाडं खाल्ली का हो?"

"शेवंती सगळी खाल्ली. गुलाबाचे कोंब खाल्ले." त्यांनी खाली पाहिलं आणि आवाज आपोआप उतरला. "मी हाकलायला गेले तर मांडीवरच येऊन बसला. दोन तास झाले. मला हलताच येईना."

मामा उठला आणि आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. त्या बसल्या. मावशी म्हणाली, "द्या इकडे, ठेवते आत."

"राहू दे गं," काकू कुजबुजल्या. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

त्याचे डोळे टक्क उघडे होते. दर्शनी काचेत टांगलेल्या रिकाम्या फ्रेममधून दुपारचं ऊन काकूंच्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं. गिऱ्हाईक आलं, त्याला मामाने ओठांवर बोट ठेवून दारातच थांबवलं. मावशीने एक काच उचलली आणि अगदी हलक्या हाताने चाकाला लावली.