टोलेडोला उतार नाही

हॅटी ड्रोझ्डचं सगळं आयुष्य शिलाईच्या मशीनवर गेलं. ऑर्डवे मोटर्सच्या कारखान्यात ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. निवृत्त होतानाच्या समारंभात तिला दोन शब्द बोलायला सांगितले, तर ती उभी राहिली आणि म्हणाली, "ऑर्डवेच्या गाडीत एकच गोष्ट कधी बंद पडली नाही. माझी सीट." आणि खाली बसली. साहेबलोकांना टाळ्या वाजवाव्या की नाही ते कळेना.

पण ती खोटं बोलत नव्हती. ऑर्डवे गाडी रस्त्यात बंद पडली की माणसं त्या सीटवर दुपारच्या दुपार बसून काढायची, आणि पाठ दुखल्याची तक्रार कधी कुणी केली नाही.

तिचा नवरा कॅस त्याच कारखान्यात, स्टार्टर विभागात होता. यातून त्यांच्या संसाराची कल्पना यावी. रोज सकाळी अंगणातली त्यांची ऑर्डवे बॅरन 'खिर्र खिर्र' करून गप्प झाली की हॅटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायची, "हा तू बसवलेला, की दुसऱ्या पाळीचा?" कॅस म्हणायचा, "तुझ्या सीटा इतक्या जड, बिचाऱ्या इंजिनाला उठवतच नाही." मग दोघं कॉफी प्यायची आणि गाडी ढकलायला समोरून आमच्या ह्यांना, वॉल्टरना, हाक मारायची.

आमचं मिशिगनमधलं क्लोव्हर रिज गाव टेकडीवर आहे. वर सेंट हेडविगचं चर्च, खाली कारखाना, मधल्या उतारावर आम्ही. गावात प्रत्येक गाडी नाक उताराकडे करून उभी असते. सकाळी हँडब्रेक सोडायचा, दुसऱ्या गियरमध्ये टाकायची, शेजाऱ्यांनी जरा ढकलायची, आणि बेकरीच्या कोपऱ्यावर क्लच सोडून जोरात गॅस द्यायचा. तिथे गाडी असा काही आवाज करते की बेकरीच्या काचा हलतात, आणि मग ढकलणारे हात झटकून आपापल्या कामाला जातात. आपोआप गियर बदलणारी ऑर्डवेही मधे निघाली होती. ती मनात येईल तेव्हा मागे जायची, म्हणून गावात कुणी घेतली नाही.

बाहेरची माणसं ऑर्डवेला शिव्या देतात. आम्हाला ती सोय नाही. वायपरला नावं ठेवावीत तर वायपर बसवणारी झोशा शुक्रवारी चर्चमधल्या मासे खायच्या पंगतीत शेजारी बसलेली असते. दारातून पाणी येतं म्हणावं तर दारंवाला झिग्गी ताटावरून उठून जातो. म्हणून गावाने फार पूर्वीच ठरवून टाकलंय की बिघाड कसलाही असो, दोष ओहायोहून येणाऱ्या रबराचा. दिवा लागत नाही? ओहायोचं रबर. रेडिओ फक्त अंत्यविधीच्या सूचना ऐकवतो? ओहायोचं रबर.

एकदा पेनसिल्व्हेनियातले ऑर्डवेमालक संतापून मोर्चाने आले होते. गाड्यांवर लिंबं रंगवलेली, कारण इकडे बिघडक्या गाडीला लिंबू म्हणतात, हातात फलक, "आमचे पैसे परत करा." कारखान्याच्या फाटकाशी येऊन त्यांनी भाषणं केली, घोषणा दिल्या, आणि निघायच्या वेळी एकही गाडी सुरू होईना. फाटक टेकडीच्या अगदी तळाशी आहे. तिथून ढकलून ढकलून कुठे ढकलणार? मग ती माणसं आमच्याच घरोघरी राहिली. हॅटीच्या घरी एक दंतवैद्य आणि त्याची आई होती. हॅटीने त्यांना पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खाऊ घातल्या आणि दर जेवणाला विचारलं, "पण सीटबद्दल काही तक्रार?" शेवटी म्हातारी म्हणाली, "नाही हो, सीट छान आहे." हॅटीने तिला वाटेत खायला केक बांधून दिला. मोर्चातली एक मुलगी तर गावातच लग्न करून राहिली.

आणि अशा गावातल्या हॅटीच्या मुलीने, रोझलिनने, ओहायोतला नवरा केला.

डीन मुलगा चांगला होता. टोलेडोच्या शाळेत भूगोल शिकवायचा, सासूच्या हातचं मागून खायचा. पण त्याच्याकडे जपानी गाडी होती. कॅसने लग्नातच सांगून टाकलं, "माझी मुलगी नेलीस, ने. पण त्या डब्यात मी कधी बसणार नाही, आणि माझी बायकोही बसणार नाही." हॅटीचंही काही वेगळं मत नव्हतं. दुसऱ्याने शिवलेल्या सीटवर बसायचं म्हणजे परक्या बाईच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडल्यासारखं, असं ती म्हणायची.

अडचण एवढीच, की टोलेडो सपाट आहे. तिथे उतार म्हणून नाही. एकदा दोघं लेकीकडे जेवायला गेली तेव्हा बॅरन दारात चालूच ठेवावी लागली. कॅस ताट घेऊन गाडीत बसला, गॅसवर पाय ठेवून, आणि रोझलिन त्याला खिडकीतून वाढत होती. पुढच्या वेळी पेट्रोल संपलं. त्यानंतर लेकीचं बाळंतपण झालं, नात झाली, पण हॅटीने अजून नातीला मांडीवर घेतलं नव्हतं. दोनदा निघाली होती. दोन्ही वेळा बॅरनने तिला वाटेतल्या मक्याच्या शेतात बसवून ठेवलं. सीट अर्थातच उत्तम होती.

आता नातीचा बाप्तिस्मा होता आणि हॅटी धर्ममाता, म्हणजे बाळाला हातात धरून त्याची जबाबदारी घेणारी. टोलेडोचे पाद्री वेळेचे पक्के. त्यांनी रोझलिनला सांगितलं होतं, "बारा वाजता धर्ममाता हजर नसली, तर जी बाई हजर असेल तिच्या हातात बाळ देईन." हजर असणार होती डीनची आत्या जीनीव्हा. ती चर्चच्या समोरच राहायची, आणि जेलीत गाजर घालायची.

"ती बाई माझ्या नातीची धर्ममाता?" हॅटी मला कुंपणाशी म्हणाली. "पोरीला जन्मभर गाजर घातलेली जेली खावी लागेल! मी चालत जाईन, पण जाईन."

"चालत नको गं," मी म्हटलं. "सकाळी आमचे हे लवकर ढकलतील."

रोझलिन हुशार. तिने शनिवारी संध्याकाळीच डीनला पाठवून दिलं, नुसतं सोबतीला म्हणून. तो आला आणि त्याने जपानी गाडी ड्रोझ्डांच्या दारात लावली. नाक चढाकडे.

तो गाडीला कुलूप लावायला लागला तशी हॅटी ओरडली, "अरे, कुलूप काय लावतोस? शेजाऱ्यांना काय वाटेल? चावी राहू दे आतच." डीन बिचारा सासूचं ऐकणारा. चावी राहिली.

रविवारी सकाळच्या प्रार्थनेहून आमचे वॉल्टर, झिग्गी आणि दुसरे दोघे खाली येत होते. त्यांना ती गाडी दिसली. चढाकडे तोंड करून उभी असलेली गाडी आमच्या गावात कुणी पाहिलेली नव्हती. चौघं टोप्या काढून भोवती उभे राहिले.

"पोराला कुणी सांगितलं नाही वाटतं," झिग्गी म्हणाला.

"ओहायोचा आहे," वॉल्टर म्हणाले.

"सासऱ्यासमोर फजिती व्हायची बिचाऱ्याची. आजच्या दिवशी!"

"चला, उठायच्या आत फिरवून, सुरू करून ठेवू. त्याला कळायलाही नको."

मी खिडकीतून बघत होते. चौघांनी मोठ्या प्रेमाने गाडी वळवली. झिग्गी पोट आत ओढून स्टिअरिंगमागे बसला, तिघं मागे लागले. आता ती गाडी पहिल्या चार पावलांतच सुरू झाली असणार. पण आवाज नाही! आवाज नाही म्हणजे सुरू झाली नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. म्हणून तिघांनी आणखी जोर लावला. झिग्गी बेकरीच्या कोपऱ्यावर आला, आणि आयुष्यभराच्या सवयीने त्याने तिथे पाय दाबून गॅस दिला.

गाडी मागच्या तिघांच्या हातांतून गेली. तिघं तसेच हात पुढे करून काही वेळ धावत राहिले.

कारखान्याच्या फाटकासमोर संस्थापक ऑर्डवेसाहेबांचा ब्राँझचा पुतळा आहे. त्याच्या भोवती उथळ हौद, काठ घोट्याएवढा. झिग्गी गाडीसकट त्या हौदात गेला आणि साहेबांच्या पायांशी थांबला.

"काही नाही, काही नाही," तो काच खाली करून ओरडला. "अजून सुरू झाली नाही, म्हणून थांबलोय!"

आवाज ऐकून डीन रात्रीच्या पायजम्यात पळत आला. पाठोपाठ कॅस. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण फार वरवरचं. "बघितलंस?" तो डीनला म्हणाला. "म्हणून सांगतो, परक्याच्या वस्तूचा भरवसा नसतो. तू कपडे कर आणि मागे बस. आपण आपल्या गाडीने जाऊ."

हॅटी टोपी घालून, हातमोजे घालून तयारच होती. बॅरनमध्ये दोघं पुढे, डीन मागे. ढकलणाऱ्या चौघांपैकी झिग्गी भिजलेला आणि बाकीचे शरमलेले, त्यामुळे त्यांनी जीव तोडून ढकललं. बेकरीचा कोपरा आला. कॅसने क्लच सोडला, गॅस दिला. बॅरनने एकदा उचकी दिली. मग ती तशीच, मुकाट, उताराच्या शेवटापर्यंत घरंगळत गेली आणि हौदाच्या शेजारी उभी राहिली.

कॅसने स्टार्टर फिरवला. खिर्र. पुन्हा फिरवला. खि.

आम्ही सगळे मागोमाग खाली येऊन उभे राहिलो. रविवार असल्याने कारखाना बंद होता. त्या शांततेत हौदाच्या बाजूने कसलासा आवाज यायला लागला. मांजर झोपेत करतं तसा.

हॅटीने काच खाली केली. "कॅस, हे काय आहे?"

"कारंजं असेल."

"कारंजं रविवारी बंद असतं. कॅस, ती गाडी पाण्यात उभी आहे आणि चालू आहे."

"पाण्यामुळे चालत असेल," कॅस म्हणाला. "जपान्यांच्या देशात सगळीकडे पाणीच."

डीन शहाणा मुलगा होता. उतरला, बूट काढले, हौदात शिरून गाडीत बसला आणि ती मागे घेतली. चाकांतून पाणी गळत ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि तरी आवाज तेवढाच.

हॅटी बॅरनमधून उतरली. गाव बघत होतं. बेकरीवाली दारात, झोशा प्रार्थनेचं पुस्तक छातीशी धरून. हॅटीने एक हात बॅरनच्या छतावर ठेवला.

"कॅस, मी त्या गाडीत बसते."

"हॅटी, लोक बघताहेत. शुक्रवारच्या पंगतीत आपल्या शेजारी कुणी बसणार नाही."

"मग ऐसपैस बसू. ती जीनीव्हा आत्ता चर्चच्या पायरीवर उभी असेल, हात पुढे करून. तू येतोस, की स्टार्टरला सोबत करतोस?"

कॅसने पुतळ्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग बॅरनमधली सहलीची चौकडीची घोंगडी काढली, जपानी गाडीचं मागचं दार उघडलं आणि सीटवर आडवा होऊन अंगावरून डोक्यापर्यंत ओढून घेतली. उंच माणूस. गुडघे खिडकीपर्यंत आले.

"चल," घोंगडीतून आवाज आला. "मी इथे नाही."

गाडी निघाली तशी आम्ही दोन्ही बाजूंनी हात हलवले. "सांभाळून जा, कॅस!" झिग्गी ओरडला.

"थँक यू," घोंगडी म्हणाली.

पुढचं मला हॅटीने सांगितलं. तिने हातमोजा काढून सीटच्या शिवणीवरून बोट फिरवलं. कडेला, कोपऱ्यात, जिथे घाईत असलेली बाई हमखास चुकते, तिथे. उलटं करून पाहिलं. दोरा ओढून पाहिला.

"काय झालं, मॉम?" डीनने विचारलं.

"काही नाही. तू रस्त्याकडे बघ."

मिशिगन संपेपर्यंत ती शिवणी तपासत राहिली. मग म्हणाली, "टाका बारीक आहे. कुणीतरी बाईनेच घातलाय. अशीच बसत असणार ती, मान वाकडी करून." आणि रुमाल काढून तिने नाक पुसलं.

ओहायोची पाटी गेल्यावर कॅस उठून बसला. केस उभे, गालावर घोंगडीचे वळ. "मागे वारा चांगला लागतो," तो म्हणाला. "दार मात्र हलकं आहे." पुढच्या गावात त्याने डीनला गाडी थांबवायला लावली, बंद करायला लावली आणि पुन्हा सुरू करायला लावली. सुरू झाली. "आणखी एकदा," तो म्हणाला. मग आणखी एकदा. शेवटी हॅटी ओरडली तेव्हा पुढे निघाले.

चर्चमध्ये पोचले तेव्हा पाद्री बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडाशी उभे होते आणि जीनीव्हाच्या हातात बाळ होतं. तिने नवे हातमोजे घातले होते. हॅटी मधल्या वाटेने भरभर चालत गेली. टोपी वाकडी झाली होती, ती तिने नीट केली नाही.

"आलात का?" जीनीव्हा म्हणाली. "आम्हाला वाटलं, गाडी..."

"गाडी उत्तम आहे," हॅटी म्हणाली. "द्या इकडे."

नातीने पाणी पडताच भोकाड पसरलं आणि हॅटीच्या खांद्याशी तोंड खुपसलं. बाप्तिस्म्यानंतर घरी जेवण होतं. रोझलिन म्हणाली, आई, बाळ पाळण्यात ठेव. कॅस म्हणाला, मला दे जरा. जीनीव्हानेही दोनदा हात पुढे केले. हॅटी प्रत्येकाला म्हणाली, "हो, देते हं," आणि दिली नाही. पोर झोपून गेली होती, तोंड उघडं टाकून. जीनीव्हाने पुढ्यात जेलीची बशी आणून ठेवली. हॅटीचा उजवा हात नातीखाली अडकलेला होता. तिने डाव्या हातात चमचा घेतला आणि गाजरासकट सगळी जेली खाल्ली.