पाणी न दिसणारी खोली

मुलीने पाठवलेल्या पहिल्या हॉटेलचा फोटो मी बायकोला दाखवलाच नाही. खोली चांगली होती. स्वच्छ चादरी, वेताची खुर्ची, आणि समोरची अख्खी भिंत काचेची. काचेपलीकडे समुद्र. मी मुलीला लिहिलं, ‘दुसरं बघ.’ दुसऱ्यात समुद्र नव्हता, पण खिडकीखाली पोहण्याचा तलाव होता, निळा आणि अगदी स्थिर. तिसऱ्यात समुद्रही होता आणि तलावही. तेव्हा तिने फोनच केला.

“बाबा, हा बेटाचा देश आहे. चारी बाजूंनी पाणी. मी शोधू तरी काय?”

“खोलीतून दिसायला नको, एवढंच.”

“इथे लोक समुद्र दिसावा म्हणून जास्तीचे पैसे देतात.”

“मग आपल्याला स्वस्त पडेल,” मी म्हणालो. ती हसली नाही.

मुलगी श्रीलंकेत कपड्यांच्या एका कंपनीत नोकरीला लागली त्याला दुसरं वर्ष चालू होतं. ती मुलींच्या होस्टेलवर राहायची. तिथे आईवडिलांना मुक्कामाला परवानगी नव्हती. तिला आठवड्याची रजा मिळाली होती. त्या रजेत घरी येता आलं असतं. मुंबईला थेट विमान आहे आणि मुंबईहून शहापूर काही फार लांब नाही. पण गेल्यापासून ती एकदाही आली नव्हती. गणपतीला काम निघालं, दिवाळीला तिकीट महागलं, मे महिन्यात तर तिने कारणही दिलं नाही. आम्हीही विचारलं नाही. ती तिकडे जायच्या काही वर्षं आधी तिचा धाकटा भाऊ मे महिन्यातच वारला होता.

तो एकोणीस वर्षांचा होता. परीक्षा संपल्यावर मित्रांबरोबर धरणाच्या पाण्यात पोहायला गेला. पोहायला त्याला चांगलं येत होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात धरणांचं पाणी उतरतं, काठाची भेगाळलेली जमीन उघडी पडते, आणि आत जुन्या झाडांची वाळलेली खोडं उभी दिसतात. मित्रांनी सांगितलं की तो आत गेला, वर आला नाही, आणि पाणी लगेच होतं तसं झालं. कुणाला काही ऐकू आलं नाही. यापलीकडे आम्हाला आजही काही माहीत नाही.

त्यानंतर बायकोने पाण्याकडे बघणं सोडलं. हंड्यातलं, बादलीतलं पाणी चालतं. पसरलेलं पाणी चालत नाही. तिचं माहेर टोकावड्याचं. शहापूरहून किन्हवलीवरून मुरबाड आणि तिथून माळशेजच्या रस्त्याने पुढे, असा आमचा मार्ग. वाटेत नदी आहे, ओढे आहेत. पूल आला की ती पदर तोंडावर घेते, आणि पूल ओलांडला की मी म्हणतो, “झालं.” मग ती पदर काढते. हे आम्ही कधी बोलून ठरवलं नाही. पहिल्यांदा तिने तोंड झाकलं तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी ‘झालं’ म्हणालो, आणि तेच राहिलं. बारक्यासारक्या मोऱ्या धरून किती पूल येतात ते मला पाठ आहे. एसटीत कंडक्टर ओळखीचा असला तर तो दुसरीकडे बघतो.

मुलगी घरी येणार नाही, हे बायकोला माझ्या आधी कळलं होतं. एका सकाळी भाकरी थापताना ती म्हणाली, “ती काही येत नाही. आपणच जाऊ.” माहेर सोडून कुठे जायचं नाव तिने मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच काढलं होतं. भाकरी उलटून झाल्यावर तिने पुढचं सांगितलं. “पण मला पाणी दिसायला नको.”

म्हणजे तशी खोली सापडली तर मायलेकींची भेट, नाहीतर नाही.

मी आसनगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही, ही जुनी सवय. खोलीचंही मी तसंच केलं. आधी समुद्र टाळूनच बघितलं. नकाशात देशाच्या मधोमध बोट ठेवलं. डोंगरातलं एक शहर बरं वाटलं, पण त्याच्या मध्यावरच तळं होतं आणि चांगली हॉटेलं सगळी तळ्याभोवती. मग जुन्या देवळांच्या मुलखात शोधलं. तिथे राजांनी बांधलेले अफाट तलाव. एका फोटोत पाण्यात वाळलेली झाडं उभी होती आणि मागे डोंगराची रांग. क्षणभर मला वाटलं, हा फोटो कुणीतरी आमच्याच तालुक्यात काढलाय. मी फोन ठेवला आणि बराच वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर मी पुन्हा किनाऱ्याकडे आलो. समुद्र एकाच बाजूला असतो, त्याच्याकडे पाठ करता येते, असा मी हिशेब केला.

एका रविवारी माझा मेहुणा टोकावड्याहून नवे तांदूळ घेऊन आला. मी तेव्हा एका हॉटेलवाल्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होतो. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “दाजी, काय इचारलंत त्याला?”

“चोवीस तास पाणी येतं का.”

“नि त्याच्या आधी?”

“खिडकीतून पाणी दिसतं का.”

त्याने मांडीवर थाप मारली. “पाणी दिसाया नको नि पाणी चोवीस तास पायजे! तो बोलंल, ह्यो पाव्हना यडा हाय. अवो दाजी, लंकेत जाऊन तुमी भिताडच बघनार, तर आमच्याकडं या ना. मागल्या दारी भिताडच हाय. तिकिटाचा खर्च नाय.”

तो हसत होता तो मध्येच थांबला. बायको तांब्या-भांडं घेऊन दारात उभी होती.

“ताय, मी आपला उगाच...”

“प्यायाचं पाणी येगळं रे,” ती म्हणाली आणि तांब्या त्याच्यापुढे ठेवला. “पी.”

तो एका दमात अख्खं भांडं प्यायला. निघताना, चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, “मिळंल हो दाजी. असंल एखादी खोली.”

मिळाली ती अशी. किनाऱ्यावरच्या एका गावात एक बाई स्वतःच्या घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायची. तिने मुलीला कळवलं की समुद्राकडच्या दोन्ही भरल्या आहेत, मागची रिकामी आहे, पण तिथून काहीच दिसत नाही म्हणून तिचा फोटो आम्ही टाकत नाही. मी मुलीला म्हटलं, तीच बघू. बाईंना सांग, खिडकीत उभं राहून बाहेरचा फोटो काढा. फोटो आला. स्वयंपाकघराची भिंत, दोरीवर दोन टॉवेल आणि एक फणसाचं झाड.

बाईंनी खाली लिहिलं होतं की ही खोली त्यांच्या सासूची. सासूही शेवटची काही वर्षं समुद्राकडे पाठ करूनच झोपायची. त्या किनाऱ्यावर एकदा समुद्र गावात शिरला होता, हे मला ठाऊक होतं. मी पुढे काही विचारलं नाही. त्यांनीही आम्हाला कधी विचारलं नाही.

फोटो बायकोला दाखवला. तिने चष्मा लावला.

“फणस आहे?”

“हो.”

“लागलेत का?”

मी फोटो मोठा करून बघितला. “बुंध्याला दोन दिसतात.”

“मग चालेल,” ती म्हणाली.

जायच्या आधी मी जेवढं तपासता येईल तेवढं तपासलं. न्हाणीघरातलं पाणी खोलीत पसरू नये म्हणून दाराला पायरी आहे का, जवळपास पोहण्याचा तलाव आहे का, अंगणात हौद आहे का. रस्ताही बघितला. विमानतळावरून मोठा हमरस्ता बराचसा आतून जातो. तो सोडून गावाकडे वळल्यावर खोलीपर्यंत चार पूल होते. चार वेळा ‘झालं’ म्हणायचं, एवढी तयारी करून मी निघालो. नकाशात रस्त्याच्या आणि निळ्या रंगाच्या मध्ये एक पट्टी होती. तिथे घरं असतील, माड असतील, असं मी धरून चाललो.

विमानात बायकोला खिडकीपासून लांबची जागा घेतली होती. विमानतळावर मायलेकी भेटल्या तेव्हा मी बॅगा मोजत उभा राहिलो. तीनच बॅगा होत्या.

गाडीत मुलगी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, आम्ही दोघं मागे. हमरस्ता संपला. पहिला पूल आला, बायकोने पदर घेतला, मी “झालं” म्हणालो, तिने पदर काढला. दुसराही तसाच गेला. मग रस्त्याने वळण घेतलं आणि उजव्या हाताला एकदम समुद्र आला. घरं नव्हती. माड होते, पण माडाला आडोसा कसला? मी तिच्या मनगटावर हात ठेवला. तिने पदर ओढला आणि माझ्या शब्दाची वाट बघत बसली.

गाडी चालत राहिली. मी गप्प.

“झालं?” पदराआडून तिने विचारलं.

“नाही अजून.”

थोड्या वेळाने पुन्हा. “लांब आहे का पूल?”

“पूल नाही. समुद्र आहे.”

“किती आहे?”

पूल मी मोजले होते, समुद्र मोजायचा राहिला होता. “मला नाही माहीत,” मी म्हणालो. इतक्या वर्षांच्या संसारात हे उत्तर मी तिला क्वचितच दिलं असेल.

मुलीने ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. पुढून उतरली, मागचं दार उघडलं आणि म्हणाली, “आई, सरक.” ती पाण्याच्या बाजूला बसली, खिडकीकडे पाठ करून, आईकडे तोंड करून. आपली ओढणी काढून तिने आईच्या पदरावर आणखी एक पांघरूण घातलं. गाडी पुन्हा सुरू झाली.

मग त्या दोन कापडांच्या आतून बायकोचा आवाज आला. “तू घरी का येत नाहीस गं?”

मुलीने माझ्याकडे बघितलं.

“तिथे सगळे गप्प असता, आई,” ती म्हणाली. “त्याचं नावच काढत नाही तुम्ही. मी काढलं की बाबा उठून अंगणात जातात, तू चूल पुसायला लागतेस. मला तिथे श्वास घेता येत नाही.”

बायकोचा हात चाचपडत मुलीच्या गुडघ्यावर गेला आणि तिथेच राहिला. पुढे दोन पूल आले, गेले. मी ‘झालं’ म्हणालो नाही. कशाला म्हणणार? दोन्ही पुलांच्या मधेही पाणीच होतं.

खोली फोटोत होती तशीच निघाली. भिंत, दोरी, झाड. फणस मात्र एकच राहिला होता. दुसऱ्याची भाजी बाईंनी आमच्यासाठी करून ठेवली होती. दुपारी बायको आडवी झाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की समुद्र ऐकू येतोय. फोटोत आवाज येत नाही. मी खिडकी लावायला उठलो.

“राहू दे,” ती म्हणाली.

“आवाज येतोय.”

“येऊ दे. आपल्याकडच्या पाण्याला आवाजसुद्धा नव्हता.”

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचे खांदे हलत होते. मी खिडकी तशीच ठेवली आणि पलंगाच्या कडेला बसलो. मुलगी दारात आली, आईला बघितलं, आत येऊन तिच्या पाठीशी आडवी झाली. मग ती बोलायला लागली. लहानपणी तो फणसाच्या आठळ्या खिशात भरून शाळेत न्यायचा आणि मार खायचा, ते सांगू लागली. मी उठलो नाही. उठून जावंसं फार वाटलं, पण बसून राहिलो.

आठवडाभर बायको त्या झाडाखालीच बसायची. मुलगी सकाळी एकटी समुद्रावर जाऊन यायची. परत आली की बायको तिच्या पायांवरची ओली वाळू पंच्याने पुसायची, बोटांच्या बेचक्यांतलीसुद्धा. स्वतः मात्र ती समुद्रावर एकदाही गेली नाही. मुलीने आग्रह केला नाही. परतताना त्या सगळ्या रस्त्याने पदर तोंडावर होता आणि मुलगी पुन्हा पाण्याच्या बाजूला बसली होती. विमानतळावर निरोप घेताना तिने सांगितलं की मे महिन्यात येईन. तिकीट काढलंय असंही परवा फोनवर म्हणाली. मी ते अजून बघितलेलं नाही.

घरी आल्यावर थोड्या दिवसांनी आम्ही टोकावड्याला निघालो. किन्हवली सोडल्यावर नदीचा पूल आला. बायकोने पदर घेतला. पूल संपला.

“झालं,” मी म्हणालो.

पदर तसाच. एसटीच्या खडखडाटात ऐकू गेलं नसेल असं वाटून मी पुन्हा म्हणालो, “झालं.”

“एवढाच होता?” तिने विचारलं.

“एवढाच.”

“मला इतकी वर्षं मोठा वाटायचा.” तिने पदर खाली घेतला आणि पुढच्या सीटच्या दांड्याकडे बघत राहिली.

मुरबाड यायला अजून अवकाश होता. पुढची मोरी आली तेव्हा तिने पुन्हा पदर घेतला, आणि मी पुन्हा सांगितलं.