रिकामी दोरी

मी बाण न लावताच दोरी ताणून सोडली आणि लखमादादांचं धनुष्य मोडलं.

काल कर्जतच्या बाजारात बुरूड विस्तवावर बांबू शेकत होता. त्या गोडसर वासानं मी तीस वर्षं मागे, पोशीर नदीवरच्या वाडीत पोचलो. दादांनी माझ्यासाठी दोन आखूड धनुष्यं काढून ठेवली होती. मी हात घातला खुंटीवरच्या तिसऱ्याला. तेच घेऊन ते दुसऱ्या दिवशी नेमबाजीच्या पैजेला उतरणार होते. मी मोठा जाणकार. आधी टणत्कार ऐकावा म्हटलं! रिकाम्या दोरीचा सगळा झटका धनुष्यालाच बसतो, हे कुठं ठाऊक होतं!

दादा नवा बांबू शेकायला बसले. तेव्हा त्या वासानं मला पळून जावंसं वाटलं होतं, आता हसू येतं.

“मग मी कोणतं घेऊ, दादा?” शेवटी मी विचारलं होतं.

“नुसती दोरीच वाजवायची, तर पिंजाऱ्यावानी कापूस पिंजायला बस रं!”