कडेच्या पुठ्ठ्याखाली

इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, एक मराठी काका फोटोंना फ्रेम करून देतात. दोनदा मोजल्याशिवाय कापत नाहीत, आणि गिऱ्हाइकाशी वाद घालत नाहीत. आमच्या प्रदर्शनाचे फोटो मी त्यांनाच दिले. एका जुन्या फोटोत अलाबामातले खाणकामगार होते. मधोमध गोरे, आणि चार हात जागा सोडून कडेला उभे केलेले पाच काळे. फ्रेम होऊन आली तेव्हा ते पाचही गायब! काकांनी कडेचा पांढरा पुठ्ठा खुशाल त्यांच्यावर चढवला होता.

"अगं, मधली मोकळी जागा वाईट दिसत होती. आता बघ कसा बॅलन्स्ड वाटतो!"

माझं डोकंच फिरलं. "काका, ती जागा दाखवायलाच तर फोटो लावतोय! कोळशाची धूळ सगळ्यांनी सारखीच खायची, आणि वर आल्यावर यांनी लांब उभं राहायचं?"

"आपल्याकडे नव्हतं बाई असलं. आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदानं राहायचे."

"विहीर एकच होती?"

काकांनी फ्रेम उलटी केली आणि मागचे खिळे काढायला घेतले.

पुढच्या शनिवारी त्यांनी नवी फ्रेम दिली. पाचही माणसं होती, मोकळी जागाही पुरती होती. फ्रेम कागदात गुंडाळताना, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "दोन होत्या विहिरी. आमची वरच्या अंगाला."