भंडाऱ्याखालचा बोल्ट

खंडोबा आमचं कुलदैवत. पण त्या वर्षी माझी खरी श्रद्धा माझ्या वहीवर होती, हे आधीच कबूल करतो. आमची मोटार जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. दोन महिने तिचे काटे ताळ्यावर नव्हते. टाकी भरलेली असताना पेट्रोलचा काटा रिकामी दाखवी, खड्डा आला की एकदम भरलेली. बॅटरीचा काटा तर सारखा थरथरे. मी वहीत चौदा कलमं लिहिली, एकेक तार दोन्ही टोकांना तपासली आणि पुढे खुणा केल्या. दोष सापडेना. एक जागा मात्र मी वहीत घेतलीच नव्हती. दाराखाली, पाय ठेवून चढायच्या पायफळीवर बॅटरीची पेटी होती. दर खंडेनवमीला मी तिच्यावरच नारळ फोडून भंडारा वाहत असे. बॅटरीची जाड पट्टी ज्या बोल्टने गाडीच्या सांगाड्याला जोडली होती, तो बोल्ट पेटीला लागूनच होता. नारळाचं पाणी आणि हळद यांचा तिथे थरावर थर बसला होता. वाहिलेला भंडारा आमच्यात कुणी पुसत नाही. तिथे हात घालावा हे माझ्या मनातही आलं नाही.

मुलीला पहिल्या बाळंतपणाला सासरहून, दुधनीहून सोलापुरात आणायचं होतं. सातव्या महिन्यातच आणायला हवं होतं. आगगाडीत चढ-उतार नको, मोटारच नेऊ, आणि मोटार निर्दोष झाल्याशिवाय निघायचं नाही, असं म्हणून मी दोनदा दिवस पुढे ढकलला. मग एके दिवशी पहाटे तार आली. कळा कालपासून चालू होत्या आणि सुइणीने हात टेकले होते. मी तशीच गाडी काढली. दुधनीला पोहोचलो तेव्हा सोलापूरची आगगाडी निघून गेली होती. मुलीला मागे निजवलं, विहीणबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही निघालो.

अक्कलकोट मागे पडलं. पुढे उघड्या माळावर बॅटरीचा काटा दोनदा उडाला, आडवा पडला आणि गाडी थांबली. ऊन डोक्यावर आलं होतं. हँडल मारून मारून माझे हात भरून आले. मी वही उघडली आणि पहिल्या कलमापासून पुन्हा सुरुवात केली. सातव्या कलमाशी होतो तेव्हा मागून विहीणबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "व्याहीबुवा, तुमच्या वहीत पोरीच्या कळा कुठल्या कलमात आहेत?" मुलगी ओरडायची थांबली होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. वही मिटून मी नुसता जागेवर जाऊन बसलो. स्विच चालू, नजर मेलेल्या काट्यावर. काय मागावं तेही सुचेना. एवढंच म्हणालो, "देवा, मला यातलं काही कळत नाही." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असेन.

मेंढरं रस्ता ओलांडत होती. त्यांच्यामागचा म्हातारा धनगर गाडीपाशी थांबला. त्याचं लक्ष ना माझ्याकडे, ना मुलीकडे. ते पायफळीवर होतं.

"ह्यो भंडारा हाय न्हवं?" त्याने विचारलं.

मी व्हय म्हणालो.

"मग पाय ठिवायच्या जागंला कशापाय लावलाय? देवाला तुडवत चढता-उतरता की."

कमरेचा चाकू काढून तो खाली बसला आणि बोल्टावरचा कडक झालेला थर खरवडू लागला. खरवडलेलं तळहातावर घेई, कपाळाला लावी. चाकूचं टोक बोल्टाच्या बुडात शिरलं आणि माझ्यासमोरचा काटा उठून उभा राहिला. टोक निघालं, काटा पडला. मी उडी मारून खाली उतरलो. बोल्ट सोडवला तर खाली हिरवट-पांढरी बुरशी, धातूला धातू लागतच नव्हता. त्याच्याच चाकूने घासून जागा लख्ख केली आणि बोल्ट आवळला. तोवर म्हाताऱ्याने तळहातावरचा भंडारा मुलीच्या कपाळाला लावला होता. "जावा आता, लई येळ झालाय," एवढं म्हणून तो मेंढरांमागे गेला. गाडी पहिल्या हँडलला लागली.

दवाखान्यात मूल गेलेलंच निघालं. मुलगा होता. अजून तासभर उशीर झाला असता तर आईही हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा पुढे ढकललेल्या दिवसांबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांना ते ठाऊक नव्हतं. मला आहे. देव घटकाभर आधी का आला नाही, हे मी पुष्कळ दिवस विचारत होतो. मग उमगलं की त्याची वाट मीच लिंपून ठेवली होती, तीही त्याच्याच नावाने.

चाकू माझ्यापाशीच राहिला. तो परत द्यायला त्या रस्त्याने चार वेळा गेलो. धनगर पुष्कळ भेटले, तो भेटला नाही. खंडेनवमीला आता मी आधी त्याच चाकूने बोल्ट घासतो, मग भंडारा मुलीच्या हातात देतो. पहिल्या वर्षी ती पेटीकडे वळली, थांबली आणि तिने तो माझ्या कपाळाला लावला. मी मान खाली घातली. वही त्या दिवशी घरातच असते.