एस्थरचे गुलाबी रोलर

मुलगी स्ट्रेटनर लावते तेव्हा तापलेल्या केसांचा वास हॉलपर्यंत येतो, आणि मला दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधली आमची जुनी खोली आठवते.

तिथे माझी रूममेट होती युगांडाची एस्थर. दुसऱ्या दिवशी तिचा सुपरवायझरच्या पोस्टसाठी इंटरव्ह्यू होता आणि ती आरशासमोर बसून ओले केस गुलाबी रोलरवर गुंडाळत होती. मी अगदी काळजीने म्हटलं, "एस्थर, उद्या तरी स्ट्रेट कर गं. प्रोफेशनल दिसायला हवं."

"स्ट्रेट माझी बहीण करते, तिला शोभतं. मला माझे कर्ल्स आवडतात," ती म्हणाली. "आणि प्रोफेशनल म्हणजे काय, हे तुला कुणी शिकवलं?"

खरं सांगायचं तर कॉलेजने. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. पहिल्याच वर्षी वर्गातल्या मुली माझ्या तेल चोपडलेल्या वेणीला हसल्या आणि पुढच्या आठवड्यात मी ती कापून टाकली. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगायचे तशीच एस्थरलाही ऐटीत सांगितली. बघ, कुठून कुठे आले!

ती हसली नाही. हातातला रोलर तसाच धरून म्हणाली, "सॉरी, सिस्टर." मग क्लिपांचा डबा माझ्याकडे सरकवला. "यल्ला, चल, मागचे तू लाव."

सकाळी ती कर्ल्स मोकळे सोडून गेली. आठवड्याने पोस्ट तिलाच मिळाली. पण त्या वेणीसाठी कुणी मला सॉरी म्हणावं, असं तोवर माझं मलाही कधी वाटलं नव्हतं.